मातीविना भाजी : आधी पाण्यावर खर्च करा, पाइपवर नंतर

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरची सून मोबाइल घेऊन वर आली. "काकू, छत्तीस रोपांचा हा संच बारा हजारांना देतायत. पंप, खत, बिया सगळं धरून. घेऊ का?" फोटोत पांढऱ्या पाइपच्या चार रांगा आणि त्यात भरगच्च लेट्यूस. मी तिला म्हटलं, आत्ता नको. आधी एका डब्यात सहा रोपं लाव, दोन पिकं काढ, मग आपण बोलू.

असं का सांगितलं, त्याचा हिशोब इथे मांडते. पुण्यात आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीत मी चार वर्षं पाण्यावर भाजी घेते आहे. किमती माझ्या बिलांवरच्या आणि दुकानांत विचारलेल्या आहेत. तुमच्या गावी त्या थोड्या मागेपुढे होतील, पण खर्च कुठे होतो आणि कुठे वाया जातो, ते बदलणार नाही.

हायड्रोपोनिक्स म्हणजे रोपाला मातीऐवजी थेट पाण्यातून अन्न देणं. माती रोपाला तीन गोष्टी देते: आधार, अन्न आणि मुळांना हवा. माती काढली की या तिन्हींची सोय आपल्याला करावी लागते. आधार जाळीची कुंडी देते आणि अन्न खतं देतात. हवेची सोय कशी करायची यावरून पद्धती वेगळ्या होतात आणि खर्चातला मोठा फरकही तिथेच पडतो. पंप लावून पाणी सतत फिरवलं की मुळांना हवा मिळते, पण पंप आला की वीज, पाइप, गळती हे सगळं त्याच्या मागोमाग येतं. हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या पद्धतीत पंपच नाही. डबा भरायचा, झाकणात रोप बसवायचं. रोप पाणी पीत जातं तशी पातळी उतरते, आणि उघड्या पडलेल्या वरच्या मुळांना हवा मिळत राहते. स्वस्तातली ही धडपड आपल्या देशातही जुनी आहे. 1940च्या दशकात शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला वाळू-खडीत, साध्या वाफ्यांत मातीविना पिकं घेऊन दाखवली, ती पद्धत 'बंगाल सिस्टीम' म्हणून ओळखली जाते.

आता डब्याचं बिल. पंचवीस लिटरचा झाकणाचा प्लास्टिक टब तीनशे ते चारशे रुपये. दोन इंची जाळीच्या कुंड्या, म्हणजे नेट पॉट, दहाचं पाकीट साठ-सत्तर रुपये. कोकोपीटची लहान वीट पन्नास. लेट्यूसच्या बियांचं पाकीट पन्नास ते शंभर, आणि ते तीन-चार खेपांना पुरतं. टब पारदर्शक असेल तर बाहेरून काळा रंग द्या किंवा जुनी काळी पिशवी गुंडाळा, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं आणि रोपाचं खत शेवाळ खातं. झाकणाला भोकं पाडायला होल-सॉ नसेल तर कोपऱ्यावरचा प्लंबर वीस-तीस रुपयांत पाडून देतो. एका लेट्यूसला पूर्ण वाढीपर्यंत साधारण चार लिटर पाणी लागतं, म्हणून पंचवीस लिटरला सहाच भोकं. आठ पाडली तर शेवटच्या आठवड्यात पाणी संपतं.

इथवर खर्च पाच-सहाशे रुपये. याच्यावर दोन वस्तू घ्यायच्याच, आणि बहुतेक लोक नेमक्या त्याच टाळतात. एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, अडीचशे ते चारशे रुपये. दुसरी पीएच तपासायची सोय. थेंबांची बाटली किंवा पट्ट्या दीडशे-दोनशेला मिळतात. पीएच पेन पाचशेपासून हजारापर्यंत मिळतो, पण त्याला कॅलिब्रेशनची पावडर वेळोवेळी लागते आणि टोक कोरडं पडलं की तो चुकीचा आकडा दाखवतो. पहिल्या वर्षी थेंबच पुरेत. पालेभाजीसाठी पीएच साडेपाच ते साडेसहाच्या मध्ये हवा. तो वर गेला की लोह पाण्यात असूनही रोपाला घेता येत नाही, आणि शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ते पाहून माणूस आणखी खत ओततो, तिथून नुकसान सुरू होतं.

मीटर हातात आला की पहिलं काम: नळाचं पाणी मोजा. पुण्याचं खडकवासल्याचं आणि मुंबईचं तानसा-भातसाचं पाणी हलकं आहे, ते तसंच वापरता येतं. एक रात्र उघडं ठेवलं की क्लोरीनही बरंच उडून जातं. पण ज्या सोसायट्या बोअर किंवा टँकरवर आहेत, तिथे आकडा पाचशे, आठशे, हजारही दिसतो. त्यातलं मीठ रोपाच्या कामाचं नसतं आणि खत घालायला जागाच उरत नाही. अशा पाण्यात तुम्ही कितीही महागडा संच बसवा, लेट्यूसच्या पानांच्या कडा करपतात. तिथे निम्मं आरओचं पाणी मिसळावं लागतं. आरओच्या नळीतून सांडणारं वाया जाणारं पाणी मात्र अजिबात घेऊ नका, कारण गाळून काढलेले सगळे क्षार त्यातच असतात. पाणी जड असेल तर आरओच्या पाण्याचा खर्च धरूनच पुढचा विचार करा. संच विकणाऱ्याने तुमच्या पाण्याचा टीडीएस विचारला नाही, तर तो फक्त पाइप विकतो आहे, असं मी समजते.

आता खत. दरमहा होणारा खर्च हाच, आणि सर्वांत जास्त जादा पैसे इथेच घेतले जातात.

बाजारात 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्यांची जोडी मिळते. मी पहिल्या वर्षी घेतलेली एक-एक लिटरची जोडी सहाशे रुपयांची होती. लिटरला प्रत्येकी पाच मिली टाकायचं, म्हणजे दोनशे लिटर पाणी तयार होतं, आणि एका लेट्यूसमागे खताचे बारा रुपये पडतात. दोन बाटल्या का, हे समजलं तर अर्धी विद्या आली. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट किंवा फॉस्फेट दाट द्रावणात एकत्र आले की तळाशी पांढरा साका बसतो. तो कॅल्शियमचा न विरघळणारा क्षार असतो आणि रोपाला त्याचा काही उपयोग नाही. म्हणून कॅल्शियम वेगळं, बाकीचं वेगळं. भरपूर पाण्यात एक पूर्ण मिसळून मग दुसरं घातलं की साका होत नाही.

दुसऱ्या वर्षी नाशिककडच्या एका द्राक्ष बागायतदार नातेवाइकांनी मला कृषी सेवा केंद्रात नेलं. ठिबकमधून सोडायची विद्राव्य खतं तिथे किलोकिलोने मिळतात. पालेभाजीला शंभर लिटर पाण्यासाठी मी घेते ते असं: कॅल्शियम नायट्रेट 60 ग्रॅम, 13:0:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट 30 ग्रॅम, 0:52:34 म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट 15 ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट 40 ग्रॅम, चिलेटेड सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण 2 ग्रॅम आणि चिलेटेड लोह दीड ग्रॅम. शंभर लिटरला वीस-पंचवीस रुपये होतात, म्हणजे लेट्यूसमागे रुपयाच्या आसपास. अडचण एवढीच की सगळ्याच्या एक-एक किलोच्या पिशव्या आणि सूक्ष्म द्रव्यांची छोटी पाकिटं एकदम घ्यायला आठशे ते हजार रुपये लागतात. त्यात दीड हजार लिटरहून जास्त पाणी होतं, एका घराला ते कित्येक वर्षांचं. म्हणून तिघी-चौघी मिळून घ्या आणि वाटून घ्या. ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारा छोटा काटा दोनशे-अडीचशेला मिळतो, तोही सामायिक चालतो.

यात दोन सूचना. दुकानदार म्हणेल, एवढं कशाला, 19:19:19 न्या, सगळं त्यात आहे. मातीसाठी ते ठीक आहे, पण त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं नायट्रेट करून देतात. स्वच्छ पाण्यात ते जिवाणू पुरेसे नसतात, आणि कॅल्शियम तर त्यात नाहीच. दुसरी सूचना पावसाळ्याची. कॅल्शियम नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये मी पिशवी नुसती दुमडून ठेवली होती. महिन्याभराने हात घातला तर आत भिजलेल्या साबुदाण्यासारखा गोळा आणि खाली पाणी. आता ते फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, वर ठळक नाव लिहून, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर असतं. ही खतं पांढरी, साखर-मिठासारखी दिसतात. ती स्वयंपाकघरात ठेवूच नका.

खत घातल्यावर मीटर काय दाखवतो ते लिहून ठेवा. स्वस्त मीटर बहुतेक वेळा पीपीएममध्ये आकडा देतात. हलक्या पाण्यात वरच्या मात्रेने तो साधारण सहाशे-सातशे येतो, लेट्यूसला तेवढा पुरतो. रोपं कोवळी असताना निम्मंच द्या.

डब्यात रोप बसवताना कुंडीचा तळ पाण्याला जेमतेम टेकला पाहिजे. आठ दिवसांनी झाकण उचलून बघा. निरोगी मुळं तांदळाच्या शेवयांसारखी पांढरी, ताठ आणि बिनवासाची असतात. तपकिरी पडून बोटाला चिकट लागली आणि गटाराचा वास आला तर मुळं कुजत आहेत. ते पाणी फेकून डबा ब्लीचने धुऊन नव्याने सुरुवात करण्याला पर्याय नाही. पातळी खाली गेल्यावर डबा पुन्हा काठोकाठ भरायची चूक करू नका. हवेची सवय झालेली वरची मुळं बुडतात आणि रोप गुदमरतं. भर घालायचीच असेल तर बोटभर घाला.

आणि झाकणाची प्रत्येक फट बंद करा. साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि पावसाळ्यात महापालिकेची माणसं तपासणीला येतात ती याचसाठी. भोकाशी कुंडी घट्ट बसत नसेल तर स्पंजची पट्टी लावा. पाच रुपयांचं काम आहे, ते राहता कामा नये.

दोन पिकं अशी निघाली, उन्हाचा अंदाज आला, आणि तरीही हौस टिकली, तर पाइपच्या संचाकडे वळा. छत्तीस रोपांचा तयार संच आठ ते चौदा हजारांत मिळतो. स्वतः बांधला तर चोवीस रोपांचा साडेतीन ते पाच हजारांत होतो. तयार संच घेताना नुसती भोकं मोजू नका. विचारायचं ते असं: टाकी किती लिटरची आहे? छत्तीस रोपांना पंधरा लिटरची टाकी दिलेली मी पाहिली आहे. उन्हाळ्यात ती रोज भरावी लागते आणि पाणी दुपारी तापतं. नळी फुटली, टोपण हरवलं तर सुटा भाग मिळेल का? नाली उघडून आतून घासता येते का? गोल पाइप आतून धुता येत नाही, वरचं झाकण निघणारी चौकोनी नाली येते, म्हणून ती थोडी महाग असली तरी घ्या. स्वतः बांधणार असाल तर विजेच्या वायरिंगचे किंवा सांडपाण्याचे पाइप स्वस्त आहेत म्हणून घेऊ नका. पिण्याच्या पाण्याचा, आयएस 4985 छापलेला आणि शिसेविरहित लिहिलेला पाइप घ्या. पीव्हीसी टिकाऊ करायला पूर्वीपासून शिशाचे क्षार वापरले गेले आहेत, आणि केंद्र सरकारने 2021 मध्ये त्यावर वेगळे नियम आणले ते याच कारणाने. जे पाणी आपल्या भाजीत जाणार, त्यात शंभर-दोनशे रुपये वाचवायचे नाहीत.

पंपाची वीज लोकांना वाटते तेवढी नसते. अठरा वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला तेराच युनिट. तुमचं बिल ज्या स्लॅबमध्ये पडतं त्यानुसार शंभर ते दीडशे रुपये. वीज गेल्यावरचं नुकसान मात्र मोठं आहे. नालीत पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. पंप थांबला की तो वाहून जातो आणि मुळं उघडी पडतात. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधल्या एका दुपारी मी बँकेत गेले होते आणि इकडे साडेतीन तास लाईट नव्हती. परतले तेव्हा बावीस रोपं ओल्या फडक्यासारखी नालीच्या कडेवर लोळत होती. रात्री पाणी फिरवल्यावर सात उठली. त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या: नालीच्या शेवटी बोटभर उंचीचा बांध केला, म्हणजे थोडं पाणी आत साचून राहतं, आणि साडेतीनशेचा एक जादा पंप कपाटात ठेवला. जिथे रोज दोन-तीन तास भारनियमन आहे तिथे पाइपचा संच घेऊच नका. डबाच लावा.

ज्यांच्या गॅलरीत चार तासही ऊन येत नाही, त्यांना विक्रेते ग्रो लाइट सुचवतात. चाळीस वॉटचा दिवा चौदा तास लावला तर महिन्याला सतरा युनिट, शिवाय दिव्याचे दीड-दोन हजार. त्यात सात-आठ रोपं नीट होतात. माझं मत विचाराल तर तिथे हा नाद सोडून पुदिना कुंडीत लावावा.

गच्चीवर मांडायचं असेल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि वजन मोजा. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो, गॅलरीच्या टोकाला नको. उन्हाळ्यासाठी पन्नास टक्क्यांची शेडनेट लागते, चौरस मीटरला तीस ते पन्नास रुपये. पाणी अठ्ठावीस अंशांच्या वर गेलं की त्यात प्राणवायू कमी उरतो आणि मुळकूज धरते, लेट्यूस तुरा काढून कडू होतं. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये लेट्यूसचा हट्टच नको. दसऱ्याला बी घालावं आणि होळीपर्यंत खावं. उन्हाळ्यात पुदिना आणि बेसिल तग धरतात.

आता थेट हिशोब. छत्तीस भोकांचा संच, ऑक्टोबर ते फेब्रुवारी चार खेपा, त्यातली काही रोपं जाणार असं धरलं तर एकशेवीस लेट्यूस हाती येतात. एक सव्वाशे ग्रॅमच्या आतलं धरा, म्हणजे चौदा किलो. बाजारात दोनशे रुपये किलो धरलं तरी तीन हजारांच्या आतच. संच बारा हजारांचा, शिवाय वीज आणि बिया. म्हणजे सगळं सुरळीत झालं तर सहा-सात हंगामांनी संचाचे पैसे निघतात. सहा रोपांच्या डब्यातून चार खेपांत चोवीस लेट्यूस, साडेपाचशे-सहाशेची. मीटर-खतासकट खर्च दुसऱ्या-तिसऱ्या हंगामात वसूल होतो आणि डबा फुटला तर तीनशेचंच नुकसान. मेथी, पालक, कोथिंबीर यांत घरगुती हिशोब कधीच बसणार नाही. मंडईत वीस रुपयांत मिळणारी मेथीची जुडी मातीत वाढवलेलीच घ्या. पाण्यावर तेच लावा जे बाजारात महाग, शिळं किंवा मिळतच नाही: लेट्यूस, बेसिल, बोक चॉय. जेवायच्या दहा मिनिटं आधी तोडलेल्या लेट्यूसला दातांखाली जो आवाज येतो, तो फ्रिजमधून आलेल्याला येत नाही. त्यासाठी खर्च करावासा वाटला तर जरूर करा, पण बचत म्हणून करू नका.

एक इशारा कळकळीने देते, कारण माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे पैसे यात अडकले आहेत. 'दहा गुंठ्यांत लाखोंचं उत्पन्न, माल आम्हीच परत घेऊ' अशा जाहिराती येतात. करार नीट वाचला तर माल घेण्याला 'प्रत योग्य असल्यास' अशी अट असते आणि प्रत ठरवणारे तेच असतात. पैसे देण्याआधी त्यांनी उभारलेल्या तीन जुन्या प्रकल्पांवर स्वतः जा, मालकाला एकटं गाठून माल कोणाला आणि कोणत्या भावाने जातो ते विचारा. अनुदान मिळवून देतो म्हणाले तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे खात्री करून घ्या, मगच इसार द्या. शिकायचंच असेल तर आधी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा.

घरगुती संचासाठीही जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि पंपाची वॉरंटी त्यावर लिहून घ्या. तक्रार झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. निव्वळ व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही, स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबून करायच्या कामासाठी घेतली असेल तर मात्र होतो. म्हणून बिल कोणाच्या नावाने आणि कशासाठी, हे आधीच बघा.

आणि संच घ्यायचंच ठरलं तर मार्च-एप्रिलपर्यंत थांबा. हिवाळ्यात हौसेने घेतलेले संच ऊन तापलं की निम्म्या किमतीला विकायला निघतात. घेताना पाणी भरून अर्धा तास पंप चालवून बघा, सांध्यांखाली कोरडा कागद धरा, नालीत टॉर्च मारून तळ पाहा. घरी आणल्यावर सगळं सुटं करा, पातळ ब्लीचच्या पाण्यात तासभर बुडवा, दोनदा स्वच्छ धुवा आणि सावलीत वाळवून दसऱ्यापर्यंत बांधून ठेवा.